शुद्ध परंपरा पॅनेल आणि ट्युनिशियाचा प्रश्न

११ जानेवारी, शनिवार
जिंकलो! सतरा वर्षं पारुळेकर 'सर्वानुमते' अध्यक्ष होते. दुबईशेजारच्या अजमानच्या आमच्या मराठी मंडळात पहिल्यांदाच मतदान झालं आणि शुद्ध परंपरा पॅनेल सत्तेवर आलं. अध्यक्ष: मी, सूर्यकांत. गणपतीत डीजे बंद, फिल्मी नाच बंद, नऊवारी सक्तीची. बायकोने, सुनेत्राने, अभिनंदन केलं. नऊवारीचं मात्र तिला ऐकू आलं नाही.

१३ जानेवारी
अवनीला युनिव्हर्सिटीत प्रोजेक्ट आहे: लोकशाही आल्यावर इस्लामी चळवळींचं पुढे काय होतं. यात वर्षभर करायचंय काय? एकदा निवडून आले की खुर्ची सोडत नाहीत, खलास. म्हटलं, रविवारी बसून लिहून देतो. नो थँक्स बाबा, म्हणाली. आमची एकुलती एक, आणि वाया गेली.

१४ जानेवारी
ऑफिसात शेजारच्या टेबलावर हातिम बसतो, ट्युनिशियाचा. लंचमध्ये त्याला त्याच्याच देशाची परिस्थिती अर्धा तास समजावली. तो मध्ये मध्ये तोंड घालत होता. म्हणे क्रांतीनंतर त्यांच्याकडे धर्मवाले जिंकले, पण बहुमत नव्हतं, म्हणून इतरांशी युती केली, कडक मागण्या सोडल्या. शी! कणा नसलेली माणसं.

२ मार्च, सकाळी ११
कमिटीत आमचे पाच, बाकीचे सहा. पाडव्याचा एक ठराव पास होईना. तनिषच्या डीजे गटाला सोबत घेतलं. दोनच गाणी, तीही हळू आवाजात. याला तडजोड म्हणत नाहीत, व्यापक भूमिका म्हणतात. नऊवारी ऐच्छिक.

५ एप्रिल
आमच्याच पॅनेलचा रामचंद्र फुटला. 'अस्सल शुद्ध परंपरा' काढली. मला गद्दार म्हणतो. त्याच्याकडे एकूण चार माणसं, त्यातले दोन मेहुणे.

७ एप्रिल
हातिमने मंडळाची खबर विचारली. सगळं सांगितलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला, हबीबी म्हणून पाठ थोपटली. अरबांचा विनोद आपल्याला कळत नाही.

१८ मे
संस्कारवर्ग वेगळ्या समितीकडे दिले. शिकवण वेगळी, मंडळाचा कारभार वेगळा. आयडिया संपूर्ण माझी. हातिम म्हणतो, त्यांच्याकडच्या धर्मवाल्यांनी हे काही वर्षांपूर्वीच केलं. या लोकांना दुसऱ्याचं श्रेय घ्यायची सवयच.

व्यायाम उद्यापासून.

३० ऑगस्ट, शनिवार
गणपतीचा कार्यक्रम. बाहेर चव्वेचाळीस डिग्री, आत हॉलचा एसी बंद. पार्किंग सांगायचं राहिलं, लोक अर्धा किलोमीटर चालत आले. उकडीचे मोदक आरतीआधीच संपले. मी संस्कृतीवर चाळीस मिनिटं बोललो. मागून एक बाई ओरडली, मोदक आहेत का नाहीत ते सांगा. लायकी नाही या लोकांची.

संध्याकाळी सभासदांनी सह्या गोळा करून फेरनिवडणूक मागितली. देतो. दुपटीने निवडून येतो, इन्शाल्ला.

६ सप्टेंबर
अवनीने प्रोजेक्टचा ड्राफ्ट दाखवला. मला न विचारता हातिमची मुलाखत घेतली तिने! निष्कर्ष: सत्ता मिळाली की चळवळ मवाळ होते, फुटते, आणि शेवटी लोक तिला धर्मावर मत देत नाहीत, नळाला पाणी येतं का यावर देतात. एक प्रकरण अजमानमधल्या एका छोट्या संस्थेवर आहे. नावं बदललीत. कुठली संस्था ते ओळखता आलं नाही, पण अध्यक्ष अगदी मूर्ख दाखवलाय. तेवढं प्रकरण चांगलं जमलंय.

१३ सप्टेंबर
फेरनिवडणुकीत पारुळेकर परत निवडून आले. रामचंद्राला अकरा मतं. मला नऊ. सुनेत्राने शांतपणे सांगितलं, तिचं मत पारुळेकरांना. त्यांच्या काळात एसी चालायचा.

दुपारी हातिमला फोन केला. आज पहिल्यांदा त्याला काही विचारलं: हरल्यावर तुमच्याकडच्या धर्मवाल्यांनी काय केलं? म्हणाला, काही जण बदलले. बाकीचे अजून म्हणतात, आमचं बरोबर होतं, मतदारच चुकले.

नेमकं हेच वाक्य मी सकाळी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं होतं. लाज वाटली. डिलीट करायला ग्रुप उघडला, तर मला काढून टाकलेलं. नवी ॲडमिन सुनेत्रा आहे.