आतून न उघडणारं दार

प्रिय ताईस,

धाकटीचा नमस्कार. मी बरी आहे. लेकाचं हे चाकांवरचं घर ऊबदार आहे. तो आणि सूनबाई कामावर जाताना दार ओढून घेतात. आतली मूठ तुटल्यापासून ते आतून उघडत नाही. मुठीचं काढलं की लेक हसतो, "आई, तुला जायचंय कुठं?"

परवा ह्यांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली आणि पडदा पेटला. हातातला चहा ओतून विझवला. धूर जाईपर्यंत खिडकीच्या फटीला नाक लावून बसले. नंतर गाडीचं माहितीपुस्तक वाचलं, आत मेणबत्ती लावायचीच नसते. लेकाला मात्र पडदा इस्त्रीने जळला म्हणाले.

तुझे गुडघे कसे आहेत? त्याला फोन करून मूठ बसवायला सांग, मावशीचं तो ऐकतो. पडद्याचं बोलू नकोस. तो कामावर जाणंच सोडेल.

तुझीच,
धाकटी