बहिणीच्या नावे बडनेऱ्याचे घर

मी, सुगत जानराव वानखडे, रेल्वेचा निवृत्त तिकीटबाबू, राहणार बडनेरा, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवतो. मन शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे; हिमतीचा दाखला कोणी देईना. मला पुरुषच आवडत आले. लग्न का केले नाही, असे कोणी विचारले की मी रात्रपाळीचे कारण सांगे. निवृत्तीनंतर तेही उरले नाही.

१. माझे स्वकष्टार्जित राहते घर माझ्या पश्चात खुशीला मिळावे. खुशी तृतीयपंथी, मूळची तेल्हाऱ्याची. लॉकडाऊनमध्ये अकोल्याच्या घरमालकाने तिला खोलीबाहेर काढल्याचा निरोप आमच्यासारख्यांच्या व्हॉट्सॲप गटावर आला. त्या गटात मी खोट्या नावाने, नुसते सुप्रभात म्हणायला होतो. "चार दिवस राहू दे माझ्याकडे," असे मी मोठ्या उदारपणे लिहिले आणि शेजारी मावसबहीण आल्याचे सांगितले. शेजारच्या सुंदराबाई खिचडीचे पातेले दारात ठेवून म्हणाल्या, "भाऊ, तुमची मावशी आमाले मालूम आहे. तिले पोरगीच नव्हती. दोघं जेवा अन् भांडं घासून द्या." जन्मभर जपलेले माझे गुपित गल्लीला पाठ असावे, अशी शंका मला तेव्हा प्रथम आली.

२. धाकटा भाऊ प्रीतम पलीकडच्या गल्लीतून मला डबा पाठवत असे. खुशीचे कळताच त्याचा फोन आला, "दादा, तिले काढ. नाही तं डबा बंद."

"मंग राहू दे डबा," मी म्हणालो. एवढे एकच वाक्य मी आयुष्यात शूरपणे बोललो. फोन ठेवल्याबरोबर भूक लागली. त्याचा स्टीलचा डबा माझ्याकडे राहिला आहे, तो त्याला द्यावा. याशिवाय त्याने काही मागू नये.

३. पुढे मला कोरोना झाला. श्वास पुरेना, रिक्षावाले येईनात. खुशीने भाजीची हातगाडी मागून आणली आणि मला दवाखान्यात ओढत नेले. मी कांद्याच्या पोत्याला टेकून, विनातिकीट. तिथे नाते विचारले. ती म्हणाली, "बहीण. काहून, चेहरा दिसत नाही का?" दोघांच्याही तोंडावर मास्क होते. घरी आल्यावर तिने मला आंघोळ घातली, पेज भरवली, कुरकुर केली की शिव्या दिल्या. कोणीतरी आपल्यावर हक्काने ओरडते आहे, याने मी औषधापेक्षा लवकर बरा झालो.

४. मी गेल्यावर बुद्धवंदना व्हावी. पुढे खुशी उभी राहील. ज्याला हे चालत नसेल त्याने घरी बसावे. शोकपत्रिकेवर तिच्या नावापुढे 'बहीण' छापावे. 'मानलेली' छापू नये.

अजून दोन कलमे मनात होती. पण हे वाचून खुशी डोळे पुसत म्हणते, "मराची एवढी काय घाई आहे, दादा? नळ आला, आधी पाणी भर." म्हणून येथेच सही करतो.

सुगत जानराव वानखडे

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली:
सुंदराबाई ढोके
महादेवराव इंगळे

बडनेरा, १२ फेब्रुवारी २०२३