राखून न ठेवलेली जागा

मी, खाली सही करणार, वय एकाहत्तर, निवृत्त प्रोग्रॅमर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय करत आहे. हात थरथरतो, म्हणून अक्षर मुलीचे आहे, शब्द माझे.

१. राहते घर पत्नीला. ती असेपर्यंत वाटणीचा विषय कोणी काढू नये, माझ्या धाकट्या भावाने तर मुळीच नाही. आईच्या आजारपणात तो एकदाही फिरकला नव्हता.

२. बाकी सर्व मुलीला. त्याचे काय करावे हे सांगत नाही. तिने माझे कधी ऐकलेले नाही.

३. माझ्या वह्या आणि जुना संगणक आमच्या कंपनीत प्रोग्रॅमच्या चाचणीचे काम करणाऱ्या बाईंना. कारण लिहिणे भाग आहे. यंत्रांमधल्या संदेशांची ये-जा सांभाळणारा प्रोग्रॅम मी लिहिला होता. मेमरी भरली की नवा आलेला संदेश टाकून द्यायचा, असे मी ठरवले. पाठवणारा पुन्हा पाठवेल हे गृहीत धरले. बाई म्हणाल्या, "सर, आणि त्याने नाही पाठवला तर?"

"मग ती त्याची चूक," मी म्हणालो.

तातडीच्या संदेशांसाठी थोडी मेमरी राखून ठेवावी, असे त्यांनी लेखी दिले. मी तो कागद बाजूला सारला.

पुढे तो प्रोग्रॅम एका रुग्णालयातल्या खाटांशेजारच्या यंत्रांत गेला. एका दुपारी मेमरी भरली. धोक्याचा इशारा यंत्राने एकदाच पाठवला, आणि तो टाकला गेला. परिचारिकेच्या टेबलावर काहीच वाजले नाही. सव्वीस वर्षांची बाळंतीण गेली. नोकरी परिचारिकेची गेली. मी चौकशीत सगळे सांगितले, तेव्हा अधिकारी म्हणाले, "तुमचा प्रोग्रॅम तर ठरल्याप्रमाणेच चालला."

दुरुस्ती मी अकरा दिवसांत लिहिली. ती आजवर कोणी बसवलेली नाही. कंपनी बंद पडली, यंत्रे चालू आहेत. दर वर्षी रुग्णालयाला पत्र पाठवतो. "चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?" एवढेच उत्तर एकदा आले.

४. दोष परिचारिकेचा नव्हता, असे माझ्या सहीचे निवेदन सोबत आहे. मुलीने तिच्या घरी जाऊन ते हातात द्यावे. माझ्या वतीने माफी मागू नये. मी एकदा तिच्या दारापर्यंत जाऊन बेल न वाजवता परतलो आहे.

५. शेवटी मला त्याच रुग्णालयात न्यावे लागेल, जवळ दुसरे नाही. न्यावे. फक्त खाटेशेजारी सतत कोणीतरी माणूस बसलेला असावा.

"बाबा, हे मृत्युपत्रात कशाला?" मुलीने विचारले.

मी तिला तिचा प्रश्नही लिहायला लावला.

सही: (थरथरती, पण माझीच)
साक्षीदार: शेजारचे दंतवैद्य, खालच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका. दोघांनी मला सही करताना पाहिले.
ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: १४ मार्च