आईच्या खोलीतला सर्व्हर

३ जून, सकाळी

आई काल हॉस्पिटलमधून घरी आली. हातपाय शाबूत आहेत, पण मेंदूच्या झटक्याने बोलणं गेलं. 'ते' आणि 'नको' एवढे दोनच शब्द उरलेत. माणसं कधी ओळखते, कधी नाही. स्पीच थेरपीच्या बाई म्हणाल्या, घरातले जुने व्हिडिओ दाखवा, आपल्या माणसांची नावं पुन्हा पुन्हा कानावर पडू द्या, हे पहिले महिने फार मोलाचे असतात. व्हिडिओ म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. साहजिक आहे. घरात टेक्निकल माणूस मी एकटाच.

बायको म्हणाली, पेन ड्राइव्हवर टाक आणि टीव्हीला लाव. मी नुसता हसलो. आयुष्यभराचे व्हिडिओ पेन ड्राइव्हवर ठेवणारी माणसं पुढे डोक्याला हात लावून बसतात. होम सर्व्हर करायचा. एकदाच, पण नीट. रविवारपर्यंत तयार.

आई मला बाळ्या म्हणते. रविवारी म्हणेल.

६ जून

सामान आलं. ऑफिसने भंगारात काढलेला कॉम्प्युटर, चार हार्ड डिस्क, त्या जोडायचं एक कार्ड. हॉलमध्ये हा पसारा नको असं बायकोचं म्हणणं पडलं. इंटरनेटचं सॉकेट आईच्या खोलीत आहे, म्हणून तिथेच मांडला. उलट बरंच झालं. काम ते काम आणि आईला सोबत.

आई दिवसभर माझ्याकडे बघत होती. म्हणजे माझ्या पाठीकडे. तोंड मशीनमध्ये होतं.

८ जून, रविवार

तयार नाही. पण घाईत अर्थ नसतो, पाया पक्का हवा. काल वाचलं की थेट मशीनवर सर्व्हर टाकणं हा बाळबोध प्रकार झाला. आधी एक मुख्य सिस्टिम टाकायची आणि तिच्या पोटात खोटीखोटी मशीन्स उभी करायची. व्हर्च्युअल. मुख्य सिस्टिम घरमालक, बाकीची भाडेकरू. व्हिडिओ सांभाळायला एक भाडेकरू पुरेल. मग इतर भाडेकरू कशाला, असं बायकोने विचारलं. पुढेमागे लागतील, म्हटलं. कशाला लागतील ते बघावं लागेल.

आईने आज बायकोकडे 'पाणी' मागितलं. स्पष्ट. मी खोलीतच होतो. वातावरणाचा परिणाम होतोच.

११ जून

सगळे व्हिडिओ सर्व्हरवर चढवले. लॅपटॉपमधले, जुन्या फोनमधले. चार डिस्कपैकी एक खराब निघाली, म्हणून लॅपटॉपची डिस्क पुसून ती तिथे बसवली. फोनही साफ केले. आता सगळं एका ठिकाणी.

बायकोने विचारलं, दुसरीकडे कॉपी आहे ना. तिला समजावलं की चारातली एक डिस्क गेली तरी एकही व्हिडिओ जात नाही. ती म्हणाली, आणि अख्खं मशीनच बसलं तर. शंकेखोर स्वभावाला औषध नाही.

तिचं दुसरं म्हणणं, रोज अर्धा तास आईजवळ नुसता बस. मी दिवसभर त्याच खोलीत असतो हे तिच्या लक्षात आणून दिलं.

१३ जून

आज पासथ्रू. म्हणजे डिस्कचं कार्ड घरमालकाच्या हातून काढून सरळ भाडेकरूच्या ताब्यात द्यायचं. मध्ये मालकाची लुडबुड नको. असं केलं तरच डिस्क मोकळा श्वास घेतात. इंटरनेटवर अशा कामांच्या एका फोरमवर घुबड नावाने लिहिणारा एकजण आहे. त्याने लिहिलं, मालकाची स्वतःची डिस्क त्याच कार्डावर नाही ना, ते आधी बघ. हे सल्ले नवशिक्यांसाठी ठीक आहेत.

रीस्टार्ट केला.

१३ जून, थोड्या वेळाने

मालकाची डिस्क त्याच कार्डावर होती.

भाडेकरूला किल्ली दिली आणि मालक रस्त्यावर आला. भाडेकरू मालकाच्याच जिवावर उभा होता, त्यामुळे तोही आडवा. स्क्रीन काळा ठिक्कर. बंद करून पुन्हा लावला की क्षणभर उठतो, इमानदारीने कार्ड भाडेकरूला देतो आणि पुन्हा मरतो. आईचे, ताईचे, सगळ्यांचे व्हिडिओ आत.

बायकोला सांगितलं, अपडेट चालू आहे.

१५ जून, रविवार

अपडेट चालू आहे.

गावाहून ताईचा फोन आला. बायकोने आईच्या कानाला लावला. आई 'ताई' म्हणाली. ताई फोनवर रडली, बायकोही रडली. मी टेबलाखाली होतो. बाहेर येऊन म्हटलं, आई, मी बाळ्या. ती माझ्याकडे बघून 'ते' म्हणाली आणि पाय बाजूला घेतले, मला वायर ओढता यावी म्हणून. समज शाबूत आहे, हे फार महत्त्वाचं.

१८ जून

घुबडाने उत्तर दिलं. मशीन चालू होताना सेटिंगमध्ये जा, पासथ्रूला लागणारी एक गोष्ट बंद कर. मग कार्ड देताच येणार नाही, मालक घरातच राहील. एवढंच. एका बटणाने सुटणारा प्रश्न असता तर मी पाच दिवस घालवले असते का? दुसरं कार्ड मागवलंय. शिवाय मेमरी. शिवाय एक पंखा. पंख्याने आईची झोपमोड होते असं बायको म्हणते. आईने स्वतः तक्रार केलेली नाही.

थेरपीच्या बाई येऊन गेल्या. प्रगती छान आहे म्हणाल्या. मुलगा कुठे असतो, असं त्यांनी विचारलं. बायकोने कोपऱ्यात बोट दाखवलं.

१९ जून

दुसरं कार्ड या मशीनला चालत नाही.

कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. भीती वाटते. व्हिडिओ गेले असतील याची वाटतेच. पण आईसमोर नुसतं बसायची त्याहून जास्त वाटते. ती 'ते, ते' करत हात हलवते, डोळ्यांत पाणी येतं तिच्या, आणि काय हवंय ते मला कळत नाही. बायकोला कसं कळतं कोण जाणे. मशीनचं निदान काय बिघडलंय ते मला कळतं.

म्हणजे कळेल.

२२ जून, रविवार

सगळे उपाय थकल्यावर ते बटण बंद केलं. मालक उठला. व्हिडिओ जसेच्या तसे, एकही गेला नाही. शेवटी चिकाटीचं फळ मिळतंच. घुबडानेही थोडीफार मदत केली. पासथ्रू आता नाही, भाडेकरू नाही, साधं मशीन आणि टीव्हीला एक वायर. बायको म्हणाली, म्हणजे मोठा पेन ड्राइव्ह. दुर्लक्ष केलं.

उद्या आईला दाखवायचे. उद्या बाळ्या म्हणेल.

२३ जून

आईला उशी लावून टीव्हीसमोर बसवलं. व्हिडिओ सुरू केले. ताई दिसली, 'ताई' म्हणाली. बाबा दिसले, खूप वेळ बघत राहिली, मग 'हे' म्हणाली आणि पदर नीट केला. बायको दिसली तेव्हा टीव्ही सोडून खऱ्या बायकोकडे बघून हसली. मी वाट बघत होतो. एक झाला, दुसरा झाला, सगळे झाले. मी कुठेच नाही. साहजिक आहे, शूटिंग मीच करायचो. मधूनमधून माझा आवाज येतो, इकडे बघा, हलू नका.

आवाज जरा खरखरत होता म्हणून टीव्हीमागे वाकून वायर बघत होतो. तेवढ्यात मागून आई बोलली. थांबत थांबत, पण अख्खं वाक्य. आजारपणानंतरचं पहिलंच. बायकोला म्हणाली, त्या मशीनवाल्याला चहा दे, रोज येतो बिचारा.

थेरपीच्या बाईंना लगेच फोन केला. पूर्ण वाक्य ही फार मोठी गोष्ट आहे म्हणाल्या. अभिनंदनही केलं.

बायकोने चहा आणून दिला. आईने खुर्चीकडे हात केला. बसलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिच्यासमोर बसलो. चहा संपेपर्यंत ती माझ्याकडे बघत होती. मग विचारलं, घरी कोण असतं.

आई असते, म्हटलं.

तिने मान डोलावली. शब्द जुळवायला तिला वेळ लागला. वाट बघत असेल, म्हणाली, जा.

जातो थोड्या वेळाने, म्हटलं.