प्रिंटर काचेत गेला

सोमवार, ३ मार्च

घाईघाईत लिहितेय. अक्षर लागलं नाही तर नाही लागलं!

सुतारकाका आमच्या कंपनीच्या संग्रहालयाच्या दालनात आणखी एक काचेची पेटी घेऊन आले. मी म्हटलं, काका, आपल्या पेट्या तर झाल्या, ही कोणासाठी? तर म्हणाले, "प्रिंटरची. माप वरूनच आलंय."

प्रिंटरची?

आमच्या दालनाचा नियम शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना पाठ आहे. कंपनी जे अजून बनवते ते उघड्या टेबलावर, लोकांनी खुशाल हाताळावं. बनवणं कायमचं थांबलं की काचेत. पहिला कॅल्क्युलेटर काचेत, पहिला घरगुती संगणक काचेत. प्रिंटर आजवर टेबलावर होता. आणि प्रिंटर विभागाचा प्रमुख कोण? माझा सख्खा दादा!

तशीच आमच्या दालनप्रमुख मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये धावले. बाईंनी आधी दार लावलं. "महिनाअखेर विभाग बंद होतोय. पन्नासाव्या वर्षाचा समारंभ झाला की जाहीर करतील. तोवर ब्र काढायचा नाही, घरीसुद्धा. काढलात तर उद्यापासून येऊ नका."

बाहेर आले आणि जिन्यात बसून राहिले.

मंगळवार, ४ मार्च

दिवसभर त्या पेटीखालचा मजकूर लिहिला. काय ते गोडवे! दोन खोल्यांत टाइपरायटर दुरुस्त करणारी माणसं, त्यांनी स्वस्त प्रिंटर काढला आणि गल्लीतल्या झेरॉक्सवाल्यापासून बँकेपर्यंत सगळीकडे पोचवला... यातलं काहीच खोटं नाही. पण दादाची उमेदीची वर्षं त्यात गेली, ते कुठल्या ओळीत बसवू?

संध्याकाळी त्याच्याकडे गेले. त्याला दुसऱ्या कंपनीने बोलावलंय, गेला आठवडाभर हाच विषय. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय. वहिनीच्या तोंडाचा पट्टा एरवी थांबत नाही, आज गप्प. हा जात नाही म्हणून फुगली असणार.

दादा हसत म्हणाला, "छोटे, तू तर कंपनीचा इतिहास लिहितेस. तूच सांग. राहू का जाऊ?"

मी कपात बघत बसले. "मी काय सांगणार बाबा, तुझं तू बघ."

देवा! हे माझ्याच तोंडून निघालं?

बुधवार, ५ मार्च

स्वतःशीच भांडतेय. मुलगी अजून शाळेत, घरात कमावणारी मी एकटी. नोकरी आत्ता कुठे कायम झालीय. तीही कोणी लावून दिली? दादानेच! फॉर्म भरायला बसला होता माझ्याशेजारी. आणि मी त्याच्यासमोर तोंड शिवून बसते. लाज वाटते, पण फोन उचलते आणि परत ठेवून देते.

गुरुवार, ६ मार्च

दादाचाच फोन. आधी इकडचं तिकडचं. त्याच्या लेकीचा खोकला, गाडीचं पंक्चर. मग हळूच, "काय मग, राहू का जाऊ?"

"मीटिंग आहे" म्हणून ठेवून दिला. मीटिंग कसली डोंबलाची! समोर रिकामी पेटी आणि मी.

शुक्रवार, ७ मार्च

उत्तराची मुदत संपली. मी गप्पच.

शनिवार, ८ मार्च

सांगितलं! नोकरी गेली खड्ड्यात म्हटलं आणि सकाळीच त्याच्या दारात जाऊन उभी राहिले. चपलाही काढल्या नाहीत. "दादा, प्रिंटर काचेत जातोय! विभाग बंद होतोय रे! त्यांना आत्ता फोन कर, हातापाया पड, पण ती नोकरी घे!"

मला वाटलं, खाली बसेल. ओरडेल. दोन ठेवून देईल. ते परवडलं असतं. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला नुसता. "बरं. आता जेवून जा."

दोन घास खाऊन उठले. वहिनीने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या भित्रेपणापायी त्याचं नुकसान झालं, तिने का बघावं?

रविवार, ९ मार्च

वहिनीचा फोन. "यांनी तिकडे सोमवारीच होकार दिला. काचेत ठेवायचा प्रिंटर यांनीच निवडून, पुसून पाठवला होता. मला म्हणाले, तिला काही सांगू नकोस, ती सांगेल आपणहून. शुक्रवारी रात्री जेवतानासुद्धा फोन शेजारी घेऊन बसले होते."