एवढासा गूळ

प्रिय संघमित्रा,

जयभीम. पंधरा दिवस झाले, तू धड जेवत नाहीस, आणि नाव काढतेस ते फक्त आईच्या येसराच्या आमटीचं, असं ओवेननं कळवलं. जावईबापूंना कृती इंग्रजीत हवी होती. तीस वर्षं वीज कंपनीत इंग्रजी पत्रं लिहिली, म्हटलं, आमटी ती काय. त्या आमटीनं माझी चांगलीच जिरवली.

पहिल्या वेळी मी येसर मसाला 'वन स्पून' लिहिला. आपला चमचा म्हणजे मसाल्याच्या डब्यातला, करंगळीएवढा. त्यानं सूपचा चमचा भरून घातला. तू एक घोट घेऊन वाटी बाजूला सारलीस, हे कळल्यावर तुझी आई दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

मग मी वही घेऊन ओट्यापाशीच उभा राहिलो. तिनं डब्यात हात घातला की मनगट धरायचं आणि बोटं मोजायची. हिंगाला दोन बोटं, मिठाला तीन. असं का, ते तिलाही सांगता येईना. चाळीस वर्षं तिच्या हातचं जेवलो, पण हात कधी पाहिलाच नव्हता. गूळ किती, तर एवढासा, आणि तेही डोळे बारीक करून दाखवलं. मी लिहिलं, 'व्हेरी लेस क्वांटिटी ऑफ जॅगरी'. वरच्या मजल्यावरची ऋता पवईला एका ऑफिसात इंग्रजी मजकूर तपासते, तिला वही दाखवली. ती म्हणाली, काका, असं कोण बोलतं, हे तर टेंडर वाटतंय. हिंग 'अ पिंच', चिंचेचा कोळ 'अ स्प्लॅश', आणि तूप म्हणे 'अ नॉब'. दाराची मूठ तुपात कशी शिरली, ते मला अजून उमगलेलं नाही. गुळासाठी तिनं सांगितलं, 'अ टायनी बिट'.

तिथं माझं पेन थांबलं. ओवेननं कळवलं होतं त्यातही हाच शब्द होता. दहा आठवड्यांचं बाळ गेलं, आणि तू त्याला म्हणालीस, इतकं टायनी होतं, आईबाबांना काय सांगायचं. त्यानं तुला दिलेला शब्द मोडला, पण त्याच्यावर रागावू नकोस. तो घाबरला होता. आईला मी हे कालपर्यंत सांगितलं नव्हतं. ऐकलं तशी ती ओट्यापाशीच खाली बसली.

खरी कृती सोबत आहे, ती ओवेनला दे. हे पत्र मात्र तुझ्यासाठी आहे. आम्हाला त्रास नको म्हणून तू एकटीनं सोसलंस, याचं मला फार वाईट वाटलं. दहा आठवडे आम्हीही आजी-आजोबा होतो गं, फक्त आम्हाला माहीत नव्हतं. आईला रडायचं आहे, आणि तुझ्याशिवाय ते तिला जमत नाही. फोन कर.

तुझाच,
बाबा