डावा हात खिशात

प्रिय धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम आहे, असं सुरुवातीला लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. बाकीचं वाचून तुझं तू ठरव. घरची मंडळी कशी आहेत? तुझी पाठ अजून दुखते का? (त्या दिवशी दुकानात पडलास तेव्हापासूनची म्हणतोय. त्या दिवसाकडे मी पुढे येणारच आहे, जरा दम धर.) अकरा वर्षांत मी तुला तीन पत्रं लिहिली आणि त्यांतली दोन कोणीतरी गेल्याची होती, तेव्हा पाकिटावर माझं अक्षर पाहून तू आधी खाली बसून घेतलं असशील. या वेळी कोणी गेलेलं नाही. म्हणजे पुरतं असं कोणी गेलेलं नाही.

कॉलेजच्या प्रयोगशाळेच्या बाईंनी एक जुना ऑसिलोस्कोप दुरुस्तीला आणून टाकला आहे. आत तीस व्हॉल्व्ह, आणि वजन असं की दोन हमालांनी तो टेबलावर ठेवला तेव्हापासून टेबल कुरकुरतंय. चालू केला की पडद्यावर सुरेख हिरवी रेघ येते, दहा मिनिटं जागेवर राहते आणि मग कंटाळलेल्या पाहुण्यासारखी हळूहळू खाली सरकत निघून जाते. म्हणजे बिघाड यंत्र तापल्यावर उगवणारा. तो झाकण काढून चालू यंत्रातच शोधायला हवा, आणि आत दोन हजार व्होल्ट बसलेले. अशा वेळी काय करायचं ते आपल्या दुकानाच्या भिंतीवर लिहिलेलं आहेच, ‘चालू यंत्र : डावा हात खिशात’. एक हात आत आणि दुसरा पत्र्याला टेकलेला असला की वीज या हातातून त्या हातात जाते आणि वाटेत काळीज लागतं, म्हणून. (पाटी तू रंगवलीस. सुवाच्य रंगवलीस. पाळली मात्र एक दिवस नाहीस.)

आता मुख्य गोष्ट. दोन महिन्यांपूर्वी सकाळी दाढी करताना माझा डावा हात गेला. जागेवर आहे, पण त्याने काम सोडलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूतली एक बारीक नळी बंद पडली, थोडक्यात निभावलं. त्यांनी दोन्ही हात वर करायला सांगितले तेव्हा मी एकच केला आणि म्हणालो, आमच्या दुकानाचा नियमच आहे. ते हसले नाहीत. हातात दाबायला रबरी चेंडू दिला. रोज सकाळी अर्धा तास मी चेंडूकडे बघतो आणि चेंडू माझ्याकडे. दोघांपैकी कोणीच दबत नाही.

गंमत अशी की बाहेर कोणाला पत्ता नाही. चाळीस वर्षं गावाने मला डावा हात खिशात घातलेलाच पाहिलाय. तो तिथे कायमचा राहायला गेला हे कळणार कसं? उलट माझी वाहवा चालली आहे. प्रयोगशाळेच्या बाई परवा आपल्या विद्यार्थ्यांना म्हणाल्या, ‘बघा, याला म्हणतात शिस्त! चहा पितानासुद्धा हात बाहेर काढत नाहीत.’ मी मान डोलावली. (कप टेबलावर ठेवूनच मग त्यांच्याकडे वळलो, कारण सांडला असता.) शेजारच्या घड्याळवाल्याच्या शोकसभेत मात्र सगळे हात बांधून उभे आणि मी खिशात हात घालून, त्यामुळे पहिल्या रांगेत माझ्या माजोरीपणाची चर्चा झाली. होऊ दे. माजोरी म्हटलेलं परवडतं. लुळा म्हटलं की बाई उद्याच्या उद्या दोन हमाल पाठवतील, कारण दोन हजार व्होल्टमध्ये अर्धा माणूस कोण उतरवेल? हे यंत्र गेलं की दुसरं येणार नाही, आणि मग मी आणि तो चेंडू. मला त्याची फार भीती वाटते, धाकट्या.

तर एका हाताने काम. एका हाताने तपासता येतं, त्यासाठीच तर नियम. पण सोल्डरिंग एका हाताचं नाही. उजव्यात आयर्न धरली की तार कोणी धरायची? मी दातांत धरली. (चव सांगत नाही. मिशी डाव्या बाजूने थोडी कमी झाली आहे.) शेवटी तुझ्या वहिनीला डावा हात म्हणून नेमलं. तिने रबरी चपला घातल्या, पदर खोचला आणि चिमटा धरला. मी म्हणायचं डावीकडचा तिसरा पाय, तिने म्हणायचं तुमच्या डावीकडचा की माझ्या, मी म्हणायचं यंत्राच्या, आणि तिने म्हणायचं मग यंत्रालाच विचारा. पण सापडला हं बिघाड. एक कंडेन्सर तापला की गळत होता.

मंगळवारी तो काढायला बसलो. यंत्र बंद केलं. बंद केल्यावरही कंडेन्सर विजेने भरलेले राहतात, ते आधी रिकामे करायचे असतात, हे तुला मी सांगायला नको. चाळीस वर्षांत माझ्याकडून एकदाही राहिलं नव्हतं. उजव्याने बटण बंद केलं की डावा आपणहून खिशातून निघून पेचकस उचलायचा आणि कंडेन्सरला टेकवून तो रिकामा करायचा, दोघांचा आपापसातला ठरावच होता, डोक्याला कधी विचारावंच लागलं नाही. त्या दिवशी उजव्याने त्याचं काम केलं. डावा आला नाही. आणि मी तिला म्हणालो, धर.

ती कपाटावर जाऊन आदळली. स्क्रूंचा डबा वरून पडला. सगळीकडे स्क्रू, मध्ये ती बसलेली, आणि हसायला लागली. म्हणाली, ‘एवढंच होय? उद्या नीट धरीन.’ मी तिची नाडी पाहत बसलो. आकडे चुकत होते म्हणून पुन्हा पाहिली, पुन्हा चुकले.

त्यावरून तू आठवलास. तू दोन्ही हात चालू यंत्रात घातलेस, मागे फेकला गेलास, उठून बसलास, आणि मी गिऱ्हाइकासमोर तुझ्या थोबाडीत ठेवून दिली. उजव्यात आयर्न होती, म्हणून डाव्याने. एका हाताने टाळी वाजत नाही म्हणतात, थप्पड मात्र छान वाजते. तू त्याच संध्याकाळी गाव सोडलंस, आणि मी अकरा वर्षं सांगत फिरलो की मला तुझ्या बेशिस्तीचा राग आला होता. राग नव्हता रे. मी घाबरलो होतो. (त्या हाताचं आता जे झालं त्याचा याच्याशी संबंध नाही, असं डॉक्टर आणि तुझी वहिनी दोघंही म्हणतात. मी दोघांचा मान राखतो.)

असो. त्यानंतर वहिनीला मी यंत्राच्या जवळ येऊ दिलेलं नाही. नवा कंडेन्सर दातांच्या भरवशावर एकट्याने बसवला. पण यंत्र ढिम्म. रेघ सोडच, आता साधा दिवाही लागत नाही. सगळं तपासून झालं. फ्यूज पाहिला का, असं मला विचारू नकोस. चाळीस वर्षं या धंद्यात काढलेल्या माणसाला असं विचारत नाहीत.

सर्वांना यथायोग्य सांग.

तुझा,
दादा

ता. क. : चारेक दिवस सवड असली तर येऊन जा. फक्त यंत्रासाठी म्हणतोय. येताना दोन्ही हात घेऊन ये.

ता. क. २ : लिहिताना कागद सरकतो, म्हणून तू इथे टाकून गेलेलं मीटर त्यावर ठेवलंय. त्याचा काटा अजून दोन घरं पुढेच दाखवतो. मी दुरुस्त केलेलं नाही. ते तुझं आहे.

ता. क. ३ : भाऊजी, नमस्कार. पाकीट चिकटवायला दोन हात लागतात, म्हणून पत्र माझ्याकडे आलं आणि मी वाचलं. यंत्र गुरुवारी दुपारीच सुरू झालं. दीड तास रेघ जागची हलली नाही, मी घड्याळ लावून पाहिलं. हे टेबलावर डोकं टेकून बराच वेळ बसले, मग मला म्हणाले, चहा कर. चहा घेऊन आले तर यंत्र बंद. आज यांची विजार धुवायला घेतली, तर डाव्या खिशात फ्यूज निघाला. तो मी धुतलेल्या विजारीच्या डाव्या खिशात परत ठेवला आहे. तुम्ही आलात की तो लगेच शोधून काढू नका. चार दिवस लागू द्या.